डावीकडची मागची काच

“अहो, काचेला गोवर आलाय,” सिंधू म्हणाली.

माझ्या एका हातात साबणाच्या पाण्याचा फवारा होता, दुसऱ्या हातात ऑफिसातली प्लॅस्टिकची पट्टी होती आणि दातांत ब्लेडचं पाकीट होतं. अशा अवस्थेतला माणूस उलट बोलू शकत नाही, हे आमच्या बायकोला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिनं आयुष्यातली सगळी महत्त्वाची मतं मला अशाच वेळी ऐकवली आहेत.

“फुगे आहेत ते,” पाकीट काढून मी म्हणालो. “उन्हानं आपोआप बसतात.”

“अजून किती ऊन पाहिजे? भुसावळचं पुरत नाही?”

मे महिना होता. भुसावळच्या मे महिन्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली आमची पांढरी मारुती उभी होती. एका डॉक्टरांकडून ती जुनी घेतलेली, त्यामुळे तिचा एसी चालायचा आणि बाकीचं सगळं तपासण्या करत चालायचं. तिच्या मागच्या डाव्या दाराच्या काचेला मी सकाळपासून काळी फिल्म लावत होतो. विभाचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. अशा वेळी मुलीचे बाप आचाऱ्याशी भांडतात, मांडववाल्याच्या मागं पळतात. मी काचेला फिल्म लावत होतो, आणि माझ्या मते त्या घरात शुद्धीवर असलेला मी एकटाच होतो.

कारण असं, की विभाला ऊन सोसत नाही. लहानपणापासून अर्धशिशी. डोळ्यावर उन्हाची तिरीप आली, की अर्धं डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडायची, ते एकदम दुसऱ्या दिवशी उठायची. शाळेच्या सगळ्या सहलींचे फोटो आमच्याकडे आहेत, पण त्यात ती नाही. आणि आता लग्न लागणार भर दुपारी, पंगती उठणार, आणि सूर्य डोक्यावर असतानाच नवरानवरी आमच्या मारुतीतून खामगावला निघणार. वऱ्हाड बसनं जाणार होतं. सासरी पोचल्या पोचल्या पोरगी डोक्याला फडकं बांधून आडवी झाली तर लोक काय म्हणतील, ते आम्हाला ऐकू यायला लागलं होतं. आजारी मुलगी गळ्यात मारली, म्हणतील. तिच्यादेखत नाही म्हणणार, पण स्वयंपाकघरात म्हणणार, आणि तिथं तर तिला आयुष्य काढायचं होतं.

विभानं लग्नात काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा आईनं दाखवली ती घेतली. एकदा फक्त मी दाढी करत असताना मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “नाना, बाकी काही नको. त्या दुपारचं काहीतरी करा.”

म्हणून मी स्टेशन रोडला हसमुखभाईंच्या दुकानात गेलो होतो. हसमुखभाई गाड्यांना सीटकव्हरं, हॉर्न, गणपती आणि काळ्या फिल्म लावून देत. म्हणजे स्वतः गल्ल्यावर बसत आणि कारागीर लावून देत.

“गाडी सोडून जा साहेब,” ते म्हणाले. “आणि मग तीन दिवस काच खाली करायची नाही. ओलं असतं आतून.”

“घरी लावता येते का?” मी विचारलं.

अपेंडिक्स मी घरीच काढतो म्हणणाऱ्या रोग्याकडे सर्जन बघेल, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“लावता येते ना. पुष्कळ लोक लावतात. मग आमच्याकडे काढायला आणतात.”

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. उभा जन्म पारदर्शक कागदावर धरणं काढण्यात गेलेला. त्यातली बरीचशी धरणं पुढं बांधली गेली नाहीत, पण नकाशात कुठं सुरकुती होती असं कोणी म्हणून दाखवावं. शिवाय दर जूनमध्ये विभाच्या वह्यापुस्तकांना कव्हरं मी घालायचो. पहिलीपासून. कोपरे असे बसायचे, की वर्गातल्या बाई इतर मुलांना दाखवायच्या. कॉलेजात गेल्यावर मुली पुस्तकांना कव्हर घालत नाहीत म्हणे. मी तरी घालत राहिलो, आणि तीही काही बोलली नाही. एम. एस्सी.चं शेवटचं पुस्तक मागच्या जूनमध्ये झालं.

तेव्हा मी फिल्मची गुंडाळी बगलेत मारून घरी आलो होतो, आणि आता काचेला गोवर आला होता.

विभा चहा घेऊन अंगणात आली. वाकून काच बघितली. कडांशी ठीक होती, पण मध्यभागी फुगे असे दाटले होते, की साबुदाणा वाळत घातल्यासारखा वाटावा.

“नाना, राहू द्या ना. देऊ या त्यांच्याकडेच.”

“तुझ्या पुस्तकांची कव्हरं कधी बाहेर दिली होती का मी?”

“नाही,” ती म्हणाली. मग तिनं मान तिरकी करून काच निरखली. “पण मग लेबल राहिलं. नाव, इयत्ता, तुकडी.”

सिंधू हसली, मीही हसलो. विभा पण हसली, आणि चहाचा कप माझ्या हातात द्यायचा विसरून तशीच आत निघून गेली.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून फालकमामांचं डोकं वर आलं. हे रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. उभ्या महाराष्ट्रातून गाड्या वेळेवर नेल्यावर आता त्यांना दुसऱ्यांचं काम वेळेवर होतंय की नाही ते बघण्यावाचून उद्योग नव्हता.

“काय भो, काय चाललंय?”

“विभाला ऊन लागू नये म्हणून.”

“कुठं, खामगावला ना? दुपारी निघणार?” त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात रूळ टाकले. “सूर्य पाठीमागं राहील भो. डाव्या बाजूला कुठला?”

“रस्ता वळतो,” मी म्हणालो.

“मग वळणापुरतीच लाव ना.”

सिंधूला त्या दिवशी पहिल्यांदा फालकमामा आवडले.

मी हरलो नाही. फुगे दिसतात कशामुळं? मागून उजेड येतो म्हणून. मग उजेडच बंद केला तर? मी त्या फिल्मवर फिल्मचा दुसरा थर चढवला. फुगे दिसेनासे झाले. काचही दिसेनाशी झाली. दाराला तवा बसवल्यासारखा वाटू लागला. मी समाधानानं दोन पावलं मागे सरलो आणि त्याच वेळी फिल्मच्या चारही कडा एकेक करून सुटल्या आणि आत वळल्या, झोपलेल्या माणसानं पांघरूण गोळा करावं तशा.

“सोल्युशन लाव भो,” भिंतीवरून सल्ला आला. “पंक्चरचं. सायकलची ट्यूब जन्मात सुटत नाही, ही काय सुटते!”

आता मागे वळून बघताना वाटतं, की त्या दिवसातला तेवढा एकच सल्ला अगदी अचूक होता.

मी सोल्युशनची नळी काचेच्या चारही कडांनी पिळली. वरून फडक्यानं दाबलं. थोडं ओघळून रबरात गेलं, ते चांगलंच झालं असं मला वाटलं. पाणी शिरायला नको. दिवस मावळून झाकड पडली तेव्हा ती काच पूर्ण झाली होती. एका दिवसात एक काच. गाडीला अजून तीन दारं होती आणि मागची मोठी काच होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सह्या करायला गेलो, तेवढ्यात सिंधूनं माझा भाचा उल्हास याला गाडी घेऊन हसमुखभाईंकडे पिटाळलं. परत आलो तर बाकीच्या सगळ्या काचा काळ्याभोर, गुळगुळीत, डोहासारख्या.

“चहा प्यायला बसलो आणि झालंसुद्धा, मामा,” उल्हास म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून पुढं म्हणाला, “तुमचीही काढून नवी लावतो म्हणत होते. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, मामांनी स्वतः लावलीय.”

“मग?”

“मग ते म्हणाले, ते दिसतंच आहे.”

पुढचे तीन दिवस त्या काचेवर माझा पहारा होता. हसमुखभाईंचा नियम होता ना, काच खाली करायची नाही. त्यांचा मीच काय तो नियम पाळणारा गिऱ्हाईक असेन. गहू आणायला, देवकाचं सामान आणायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी फिरत होती, आणि मागे बसणाऱ्या प्रत्येकाला मी खिडकीत वाकून बजावत होतो, “डावीकडची काच खाली करायची नाही.” एसी मी नवरीसाठी राखून ठेवला होता; पाहुणे घामानं निथळत, पण नवरीच्या बापापुढं कोण बोलणार? कोणी ती काच खाली केली नाही. करून बघितली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

लग्न लागलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मुलीच्या बापाला स्वतःच्या मुलीच्या लग्नातलं श्रीखंड आणि हिशेब याव्यतिरिक्त काही दिसत नाही. आठवतं ते दुपारचं. मांडवाच्या तोंडाशी गाडी लावली होती, बॉनेटवर झेंडूच्या माळा. ऊन असं, की बॅंडवाल्यांनी वाद्यं सावलीत ठेवून नुसते हात हलवले असते तरी लोकांनी माफ केलं असतं.

परागच्या, म्हणजे जावईबापूंच्या, थोरल्या आत्या गोदाआत्या पुढच्या सीटवर मांडीत कलश घेऊन बसल्या होत्या. वऱ्हाडात त्यांचा शब्द शेवटचा होता. पहिलाही त्यांचाच असे. उल्हास गाडी चालवणार होता. मागे उजवीकडे पराग बसला. विभा त्याच्या डाव्या अंगाला, कारण बायकोनं डावीकडेच बसायचं असतं. म्हणजे माझ्या काचेशी.

ती आत बसली तेव्हा रडत नव्हती. आमच्यात ठरलं होतं. आत बसायचं, दार लावायचं, नारळ फुटला की काच खाली करायची, आईनं दहीसाखर भरवायची, मी डोक्यावर हात ठेवायचा आणि मग काय रडायचं ते सगळ्यांनी मिळून रडायचं. डोकं दुखू नये म्हणून रडणं तिनं शेवटाकडे ठेवलं होतं. रडल्यानंही तिला अर्धशिशी चढते.

चाकाखाली नारळ फुटला. बॅंडनं सूर धरला. सिंधू दहीसाखरेची वाटी घेऊन काचेशी उभी राहिली.

काच खाली आली नाही.

आतून खटखट ऐकू आली. हॅंडल फिरवत होती. मग खटखट जोरात आली, म्हणजे परागनं हात घातला असावा. मग कट्‌ असा आवाज आला आणि खटखट थांबली. दोन क्षणांनी पलीकडची काच अलगद, लोण्यासारखी खाली गेली. हसमुखभाईंची होती ती. तिच्यातून जावईबापूंचं फेटा बांधलेलं डोकं बाहेर आलं आणि त्यांनी मोडलेलं हॅंडल मला वर करून दाखवलं.

“मामा, हे निघून आलं.”

“दार उघडा,” मी म्हणालो. “विभा, दार उघड.”

“अंहं!” पुढून गोदाआत्या गरजल्या. “दार नाही उघडायचं, व्याहीबुवा. नारळ फुटला. आता तिचं पाऊल सासरच्या उंबऱ्यावरच पडायचं. आमच्याकडे तसंच आहे.”

“पाऊल नका हो टाकू देऊ. नुसतं दार उघडतो.”

“दार उघडलं म्हणजे पाऊल आलंच. काच खाली करा की, तिला कोण नाही म्हणतंय?”

काच स्वतःच नाही म्हणत होती. उल्हासनं बाहेर येऊन तळव्यांनी दाबून बघितली. फालकमामा पुढं झाले, रबराला नखानं टोकरून बघितलं आणि अभिमानानं म्हणाले, “सांगितलं होतं ना भो, जन्मात सुटत नाही.”

सिंधूला वाट बघवेना. ती वाटी घेऊन पलीकडं धावली. विभापर्यंत हात पोचवायचा तर मध्ये जावईबापू होते, फेट्यासकट, मुंडावळ्यांसकट. तिनं चमचा आत नेला. पराग बिचारा सकाळपासून दिसेल त्या बाईच्या हातचं खात होता. समोर चमचा आला, त्यानं तोंड उघडलं. दहीसाखर त्यानंच खाल्ली. सिंधूला काही सुचेना. तिनं त्याच्याच गालावरून हात फिरवला आणि त्याच्याच गळ्यात पडून रडायला लागली. पराग तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, “मी आहे ना आई, मी आहे ना.” तो होता, हीच तर अडचण होती.

मी माझ्या काचेशी होतो. आमच्याकडच्या बायका निरोप द्यायला एकेक करून पुढं येत होत्या. येताना पदर डोळ्याला असायचा. काचेसमोर उभ्या राहिल्या की आत विभा दिसायची नाही, स्वतःचंच तोंड दिसायचं, मोठं, स्वच्छ. मग प्रत्येकीचा हात नकळत वर जायचा. एकीनं टिकली सारखी केली. एकीनं केसांत अडकलेली अक्षत काढली. माझी सख्खी बहीण हुंदके देत देत पुढं आली, पसरलेलं काजळ करंगळीनं नीट पुसलं, पदर खांद्यावर चापून घेतला आणि मग पुन्हा पहिल्या हुंदक्यापासून सुरू झाली. काचेपलीकडं वीतभर अंतरावर माझी मुलगी बसली होती, आणि बाहेर सगळं गाव भांग पाडत होतं.

“विभा!” मी हाक मारली. आतून काहीतरी आलं, पण बॅंड वाजत होता आणि दोन थरांची फिल्म होती.

मी वाकलो. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून काचेला कपाळ लावलं. काच तापलेली होती. आत काळोख. त्या काळोखात एक माणूस होता, टोपी घातलेला, तोंड उघडं पडलेला. त्याच्या नाकाला माझं नाक लागलं होतं. मी सरकलो की तो सरकायचा. काही केल्या बाजूला होईना.

मी तसाच वाकलेला असताना पुढच्या काचेकडे तोंड करून ओरडलो, “आत्या, ती काहीतरी म्हणतेय! काय म्हणतेय ती?”

गोदाआत्या खिडकीत अशा बसल्या होत्या, की त्यांच्या मागे वऱ्हाडाची बससुद्धा दिसली नसती. त्यांनी कलश सांभाळत मान मागे वळवली. आत काही बोलणं झालं. त्यांनी परत विचारलं, पुन्हा ऐकलं, थोडा विचार केला आणि मान माझ्याकडे आणली.

“ती म्हणते, तब्येतीला जपा.”

हे विभाचं वाक्य नव्हतं. तिनं आयुष्यात कोणाला तब्येतीला जप म्हटलं नव्हतं. ते फार तर पोस्टकार्डाचं वाक्य होतं.

“एवढंच?”

“अजून काय म्हणणार लेक जाताना? सोडा आता, राहुकाळ लागतोय.”

उल्हासनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवण्याखेरीज माझ्या हातात काही उरलं नव्हतं. गाडी माझी, मुलगी माझी, भाचा माझा, काचसुद्धा माझी. मारुती हलली. माझं कपाळ काचेवरून सुटलं आणि तो टोपीवाला माणूस गाडीबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामगावहून परागचा फोन आला. विभा पूजेला बसली होती. डोकं अजिबात दुखलं नाही, रस्ताभर उन्हाची एक तिरीप आत आली नाही, आमच्या आत्यासुद्धा म्हणाल्या, गाडी कशी छान गार अंधारी आहे. सिंधूनं हे सगळ्या पाहुण्यांना दोनदोनदा सांगितलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ज्यासाठी काच केली होती, ते काम तिनं चोख केलं होतं. तिच्याबद्दल तक्रार करायला मला जागाच नव्हती.

संध्याकाळी उल्हास गाडी घेऊन आला. माळांची फुलं सुकली होती. गाडी झाडायला म्हणून मी मागचं दार उघडलं. दार उघडत होतं, छान उघडत होतं. काचेच्या आतल्या बाजूला, मध्यभागी, माझे फुगे दाटले होते तिथंच कुंकवाचा एक डाग होता. बोटानं लागलेला नव्हता. गोल होता, थोडा फासलेला, चारदोन फुगे त्यात लाल झालेले.

मी दार लावलं, बाहेरून जाऊन वाकून बघितलं, कपाळ कुठं टेकलं होतं ते आठवलं. मग पुन्हा दार उघडलं.

सिंधू ओलं फडकं घेऊन आली. “सरका, पुसून घेते.”

“राहू दे.”

“का?”

“तीन दिवस ओला हात लावायचा नसतो.”

“ते तीन दिवस कधीच झाले,” ती म्हणाली. मग वाकून तिनं तो डाग बघितला, आणि फडकं घेऊन पुढची काच पुसायला गेली. पुढची काच स्वच्छच होती. ती बराच वेळ पुसत होती.

कुंकू काय, पुढं आपोआप झडून गेलं. काच मात्र राहिली. हसमुखभाईंनी दोनदा फुकट काढून देतो म्हटलं, मी दिली नाही. मला फक्त एक कळलेलं नव्हतं. दोन थरांच्या त्या अंधारातून तिला बाहेरचं काही दिसत होतं, की तिनंही नुसत्या काळ्या काचेला कपाळ लावलं होतं? फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर आम्ही पाऊस, गॅस सिलिंडर आणि परागची बदली यांवर बोलायचो. असलं काही विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. आणि ती तब्येतीला जपा म्हणालेली नाही, एवढं मला ठाऊक होतं.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झालो, मारुती झाली नाही. मग गाड्यांना काळ्या काचा चालणार नाहीत असा वरून हुकूम आला आणि चौकाचौकात पोलीस गाड्या सोलायला लागले. अशाच एका मे महिन्यात विभा माहेरी आली होती. तिला स्टेशनवरून घेऊन येत होतो. ती सवयीनं मागे डावीकडं बसली. चौफुलीवर एका तरुण हवालदारानं काठी आडवी केली.

“काका, काय हे? फिल्म चालत नाही.”

“माहीत आहे. चुकलं.”

चांगला होता. पावती न फाडता त्यानं माझ्या दाराच्या फिल्मला नख लावलं आणि एका ओढीत सरकन काढली. पलीकडची तशीच. मागच्या मोठ्या काचेवरची तर नुसती फुंकर मारल्यासारखी निघाली. हसमुखभाईंचं काम स्वच्छ, चिकटवणंही स्वच्छ, सुटणंही स्वच्छ. मग तो विभाच्या काचेशी आला. नख लावलं. नख मोडलं. किल्ली लावली. किल्लीनं तिळाएवढा कपटा निघाला. मी खाली उतरलो.

“कोणी लावली हो ही?”

“घरीच लावली.”

“ताईंना सांगा, काच खाली करा. वरून धरून ओढतो.”

“ती खाली होत नाही.”

“कधीपासून?”

“लग्नापासून.”

“कोणाच्या?”

“तिच्या.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं. आतून विभाचा काहीतरी आवाज आला. रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न, मला कळलं नाही. हवालदार पुढच्या उघड्या खिडकीतून आत वाकला. “काय म्हणता ताई?” त्यानं ऐकलं, मान डोलावली, परत विचारून घेतलं. मग सरळ उभा राहून, जबाब नोंदवताना बोलतात तसं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता म्हणाला:

“ताई म्हणतात, नानांना सांगा, मला ते दिसताहेत.”

मी त्या काचेकडे बघितलं.

“आणि म्हणतात, हेच मागं एकदा आत्यांजवळ सांगितलं होतं. पोचलं होतं का?” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “म्हणजे काय हो काका?”

“नव्हतं पोचलं,” मी म्हणालो.

त्यानं वाकून, तळव्यांचा आडोसा करून आत बघायचा प्रयत्न केला. “आपल्याला तर काही दिसत नाही बुवा.”

“आपल्याला नाही दिसत.”

मागे गाड्या तुंबल्या होत्या. हवालदार त्यांच्याकडे वळला. दार उघडायला आता कोणाची ना नव्हती. नारळ नव्हता, राहुकाळ नव्हता, गोदाआत्या जाऊन वर्षं झाली होती. मी हॅंडलकडे हात नेला आणि परत घेतला.

मग काचेसमोर नीट उभा राहिलो, आणि कॉलर सारखी केली.